एव्हर्टचे हात कोणी नेले?

१

उन्हाळ्याची सुट्टी संपवून गुनेल रास्कने सोमवारी दुकान उघडलं आणि दुपार व्हायच्या आत ती शेजारच्या मायलिसच्या स्वयंपाकघरात लॅपटॉप काखेत धरून उभी राहिली. "माझ्याकडे चोरी झालीय," ती म्हणाली.

मायलिस काळ्या करंट बेरींचा जॅम ढवळत होती. जॅमच्या ऐन उकळीत कोणी बोललेलं तिला खपत नसे, पण चोरी हा शब्द ऐकल्यावर तिने शेगडी बंद केली. निवृत्त होईपर्यंत तिने विमा कंपनीत एकच काम केलं होतं. लोक चोरी झाली म्हणून दावा लावत, आणि ती चोरी खरी की खोटी हे मायलिस ठरवत असे. अख्ख्या यूसविक गावात तिच्याइतका संशयी स्वभाव कोणाचा नव्हता आणि तिच्याइतकं सुखाचं म्हातारपणही कोणाचं नव्हतं. या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत असं तिचं मत होतं.

"काय गेलं?"

"एव्हर्टचे हात."

मायलिसने तिच्याकडे नीट पाहिलं. सुट्टीत हिला ऊन जरा जास्तच लागलेलं दिसतंय, असं तिला वाटून गेलं.

गुनेलचं दुकान जवसाच्या तेलाच्या रंगांचं. आजोबा-पणजोबांच्या काळातल्या लाकडी खिडक्या खरवडायच्या, काचांची पुट्टी बदलायची, रंग द्यायचा आणि त्याच खिडक्या पुढच्या पिढीच्या गळ्यात मारायच्या, हा या भागातला छंद म्हणा नाहीतर खूळ म्हणा. त्याला लागणारं सगळं गुनेलकडे मिळे. पण गिऱ्हाईक आणत असत ते एव्हर्टचे व्हिडिओ. एव्हर्ट हा गावातला म्हातारा सुतार. कोणी 'जुनी पुट्टी कशी काढावी' असं सर्च इंजिनला विचारलं, की उत्तरांच्या पानावर गुनेलच्या ओळीशेजारी एक छोटं चित्र दिसे. एव्हर्टचे दोन जाडजूड हात आणि खिडकीची चौकट. ते हात पाहिले की माणूस दुसरीकडे जातच नसे. व्हिडिओ बघे, आणि बघताबघता डबाभर रंग मागवून मोकळा होई.

"आता बघ," म्हणत गुनेलने लॅपटॉप जॅमच्या बरण्यांमध्ये ठेवला.

गुनेलची ओळ होती, पण नुसती अक्षरं. चित्र नव्हतं. तिने दुसरा प्रश्न टाकून दाखवला, तिसरा टाकला. सगळीकडे तीच कथा.

"ऑर्डरी निम्म्यावर आल्यात. आणि जरा खाली बघ."

खाली चित्र होतं. तेच हात, तीच चौकट. पण शेजारी नाव होतं 'खिडकीमित्र'.

"हा कोण?"

"कोणास ठाऊक. ना नाव, ना पत्ता. माझी चित्रं पुसली आणि माझाच माल आपल्या दारात मांडून बसलाय."

"एव्हर्टला विचारलंस?"

"तो बेटावरच्या झोपडीत. फोन घरी ठेवून जातो, माहीत नाही का तुला? शुक्रवारी झिंग्यांच्या मेजवानीला उगवेल."

मायलिसला आठवलं, तिनेही एव्हर्टला मे महिन्यानंतर पाहिलं नव्हतं. तेव्हा गावातल्या जुन्या गोष्टी जपणाऱ्या वारसा मंडळाची वार्षिक सभा होती. अध्यक्ष एकेक विषय वाचत होते, सगळे एका सुरात 'हो' म्हणत होते, लाकडी हातोडा पडत होता, आणि मागच्या टेबलावर सात तऱ्हेची बिस्किटं मांडली जात होती. गुनेल तिच्या शेजारीच बसली होती, आणि एव्हर्ट पुढच्या रांगेत केस विंचरून.

"आणि त्याला विचारून करायचंय काय?" गुनेल म्हणाली. "चोर कोण ते मला माहीत आहे. योन्ना. जुलैभर दुकान तिच्या एकटीच्या हातात होतं. शुक्रवारी तिचा करार संपतो. मी तिला कायम करणार होते, मायलिस. आता ते काही व्हायचं नाही."

२

योन्ना चाळिशी ओलांडलेली बाई होती. घटस्फोटानंतर गोथेनबर्ग सोडून ती आईच्या गावाला परत आली आणि मे संपता संपता गुनेलकडे सुट्टीतली बदली म्हणून लागली. जुलैत इथे सगळा देशच कुलूप लावून तळ्याकाठी जाऊन बसतो, तेव्हा दुकानात कोणीतरी लागतंच. योन्नाने चर्चमागचं एक छोटं पिवळं घर बघून ठेवलं होतं. नोकरी कायमची झाली तरच बँक कर्ज देणार होती. नाही झाली, तर पुन्हा शहरातल्या बहिणीच्या सोफ्यावर. हे सगळं मायलिसला बेकरीत कळलं, कारण यूसविकमध्ये कोणाचं काय अडलंय हे पावाबरोबर फुकट मिळतं.

ब्रश घ्यायच्या निमित्ताने ती दुकानात गेली. योन्नाने ब्रश काउंटरवर ठेवला आणि म्हणाली, "तुला ब्रश नकोय. तुझ्या खिडक्या अॅल्युमिनियमच्या आहेत."

मायलिसला ती तिथल्या तिथे आवडली. त्यामुळे तिचा संशय आणखी वाढला.

"मग कॉफी दे," ती म्हणाली.

मागच्या खोलीत दोघी बसल्या. भिंतीशी एक राखाडी कपाट होतं. योन्नाने बिस्किटांचा डबा पुढे केला, मायलिसने एक घेतलं आणि योन्नाने झाकण लावलं.

"मूळ व्हिडिओ या कपाटात असतात ना?"

"हो. पेडर इथे कामाला होता तेव्हा त्याने काढलेले. काटछाट न केलेले, एका डिस्कवर."

"जुलैत हे कपाट तू उघडलंस?"

"उघडलं."

"डिस्क?"

"घरी नेली. मग परत आणून ठेवली."

"कशासाठी?"

योन्नाने कप खाली ठेवला. "हे गुनेलने विचारलं नाही. तिने विचारलं, कपाट उघडलंस का. मी हो म्हटलं. तिचं तोंड बघण्यासारखं झालं आणि ती बाहेर गेली. जिचं काम मी केलं तिला ऐकायचं नाही, तर तुला कशाला सांगू?"

"मी तिच्या बाजूने आलेली नाही."

"मग कोणाच्या?"

"ते अजून ठरायचंय."

योन्ना पहिल्यांदा हसली. हसताना ती बरीच थकलेली दिसली.

"बरं, एवढं सांग. चित्रं गायब झालेली तुला कधी कळली?"

"जुलैच्या सुरुवातीलाच."

"आणि तू कोणाला बोलली नाहीस?"

"गुनेल जाताना म्हणाली होती, दुकानाला आग लागली तरच फोन कर. मी मागेपुढे बघून घेतलं. धूर कुठे दिसेना."

मायलिस रस्त्यावर आली तेव्हा तिला जरा अस्वस्थ वाटत होतं. या बाईने कपाट उघडल्याचं कबूल केलं, डिस्क नेल्याचं कबूल केलं, माहीत असून गप्प बसल्याचंही कबूल केलं. चोर सहसा इतकं देत नाहीत. पण फार पोहोचलेले चोर देतात, हेही तिने नोकरीत पाहिलेलं होतं.

३

दुसऱ्या दिवशी तिने बस पकडली आणि शेजारच्या शहरात पेडरला गाठलं.

पेडरने एव्हर्टचे सगळे व्हिडिओ चित्रित केले होते. मग गुनेलशी त्याचं वाजलं. तिला प्रत्येक व्हिडिओवर अकॉर्डियन हवं होतं. पेडरचं म्हणणं, लाकूड खरवडण्याचा आवाज ऐकूनच माणूस शांत होतो, त्यावर बाजा कशाला? भांडण इतकं विकोपाला गेलं की तो एका मोठ्या रंगाच्या कारखान्यात जाहिरातीचं काम बघायला निघून गेला. गुनेलचा धंदा बसला तर त्याच्या कारखान्याला बरंच होतं. मायलिसने त्याचं नाव योन्नाच्या वर लिहिलं असतं, पण ती कधी काही लिहीत नसे.

पेडर कॅन्टीनमध्ये दालचिनीचा पाव पुढ्यात घेऊन बसला होता. तिने गुनेलचं नाव काढलं तशी त्याने मान हलवली.

"चित्रं गेली म्हणतेस ना? अगं बाई, आमचीही गेली. आमच्या मालकांना वाटतंय, गुनेलने काहीतरी केलं."

"तुमची पण?"

"सगळ्यांची. ऐन जुलैत सर्च इंजिनने आपलं पान दाखवायची तऱ्हाच बदलली. पूर्वी पानावर कुठेही व्हिडिओ असला तरी ओळीशेजारी त्याचं चित्र यायचं. आता व्हिडिओ हाच पानावरचा मुख्य ऐवज असला तर येतं. नसला तर नाही." त्याने पाव तोडला. "आम्ही सगळे सुट्टीवर. परत आलो तर घर साफ."

मायलिसने विचार केला. गुनेलच्या पानावर आधी आजोबांचा इतिहास, मग रंगांच्या छटा, मग किमती, मग सामान घरपोच कसं पोहोचतं ते, आणि हे सगळं ओलांडून खाली गेलं की एव्हर्ट.

"म्हणजे गुनेलने त्याला तळघरात बसवला होता."

"तळघरातच. आणि आम्ही आमच्या माणसाला गच्चीवर, दहा जाहिरातींच्या मागे. एकूण एकच."

"म्हणजे चित्रं कोणी पुसलीच नाहीत."

"कोण पुसणार? ते कोणाच्या हातातच नाही."

इथे अर्धी चोरी संपली. पण अर्धी उरली होती. मायलिसने त्याला 'खिडकीमित्र' दाखवलं. पेडरने पहिला व्हिडिओ लावला. सुरुवातीलाच एव्हर्टने घसा खाकरला, "हं, तर मग" म्हणाला आणि पटाशी उचलली. अकॉर्डियन नव्हतं. पेडरचा चेहरा उजळला.

"हे माझं मूळ काम आहे. खाकरणं मी कापलं होतं. हे ज्याने टाकलं त्याच्याकडे न कापलेली प्रत आहे."

"अशा प्रती किती?"

"दोन. एक गुनेलच्या कपाटात. दुसरी मी निघताना एव्हर्टला दिली, आठवण म्हणून."

"आणि तुझ्याकडे?"

"मी निघालो तेव्हा गुनेलने माझी पिशवी तपासली होती. तुला माहीत आहे ती कशी आहे."

माहीत होतं. मायलिसने मान डोलावली. "मला हे सांग, या माणसाचं चित्र गेलं कसं नाही?"

"हे पान बघ ना. व्हिडिओ आणि खाली एक शब्द. बाकी शुकशुकाट. सर्च इंजिनला आता नेमकं हेच हवंय." पेडरने पडद्यावर बोट टेकवलं. "आमच्या अख्ख्या ऑफिसला जे सुचलं नाही ते याने आधीच करून ठेवलंय. एक तर हा फार मोठा जाणकार आहे, नाहीतर याला यातलं ओ की ठो कळत नाही."

४

गुरुवारी गुनेल कुंपणावरून म्हणाली, "मी उद्या सकाळीच योन्नाला सांगून टाकते. मेजवानीत तिच्यासमोर झिंगे सोलत बसायचं मला जमणार नाही."

"संध्याकाळपर्यंत थांब."

"का? तुला काही सापडलं?"

"चित्रं कोणी चोरलेली नाहीत, एवढं सापडलं." आणि मायलिसने तिला पेडरचं म्हणणं सांगितलं.

गुनेलने सगळं ऐकून घेतलं. तिला ते पटलं, आणि पटलं म्हणून ती जास्त चिडली. सर्च इंजिनवर रागावून काही उपयोग नसतो. "ते असू दे," ती म्हणाली. "पण व्हिडिओ तर कोणीतरी उचललेच ना? दोन प्रती. एक एव्हर्टकडे, आणि एव्हर्टला घरातला दिवा लावायला बायकोला विचारावं लागायचं. राहिली माझी प्रत. ती योन्नाने घरी नेली. तूच सांग आता."

मायलिस घरात गेली, बरण्या बाजूला सारल्या आणि 'खिडकीमित्र'चे सगळे व्हिडिओ पहिल्यापासून लावून बघत बसली. खरवडण्याचा आवाज खरंच चांगला होता. तिला स्वतःच्या अॅल्युमिनियमच्या खिडक्यांबद्दल आयुष्यात प्रथमच वाईट वाटलं.

चोराने काय नेलं यापेक्षा काय सोडलं ते बघावं, ही तिची जुनी रीत. या चोराने एकच व्हिडिओ सोडला होता. एव्हर्ट गुनेलच्या डब्यातली तयार पुट्टी वापरतो तो. पेडर असता तर त्याने सोडलाच असता, दुसऱ्याच्या मालाची जाहिरात कोण करेल? योन्नाला सोडायचं कारण नव्हतं. आणि चोर काहीच विकत नव्हता. दुकान नाही, जाहिरात नाही, ओळखीची खूण नाही. ज्याला यातून काहीच मिळत नाही असा चोर मायलिसने पाहिला नव्हता.

उरला तो शब्द. प्रत्येक व्हिडिओखाली एकच शब्द होता, 'कॉफी'. लाकूड खरवडलं, कॉफी. काच काढली, कॉफी. पुट्टी मळली, कॉफी. पहिल्यांदा तिला ती गंमत वाटली होती. आता ती त्या शब्दाकडे टक लावून बघायला लागली. घरात एकटा बसून जो खिडकी दुरुस्त करतो त्याला कॉफी कधी प्यायची हे कोणी सांगायला लागत नाही. मनात आलं की तो पितो. कॉफीची वेळ आधी ठरवून ठेवावी लागते ती कधी, आणि कोणासाठी?

ती खुर्चीतून उठली, खिडकीशी गेली, परत आली आणि एकटीच मोठ्याने हसली. चोर सापडला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते असं. अडचण एवढीच होती, की चोर एक नव्हता, आणि त्यांच्यातल्या एकाचं नाव मायलिस होतं.

५

वारसा मंडळाच्या जुन्या लाकडी घराच्या अंगणात टेबलं मांडली होती. झाडांना चंद्राच्या तोंडाचे कागदी कंदील लटकत होते. शेपूच्या फुलांत उकडलेले लाल झिंगे परातींत रचले होते, आणि गावातली झाडून सगळी प्रतिष्ठित माणसं या मेजवानीच्या रिवाजाप्रमाणे डोक्याला कागदी टोपी आणि गळ्यात लाळेरं बांधून बसली होती. अशा वेषात माणसाला खोटं बोलणं जरा जड जातं, म्हणून मायलिसने हीच वेळ निवडली होती.

योन्ना टेबलाच्या शेवटी बसली होती. गुनेलने तिचं बोलावणं मागे घेतलं नव्हतं, कारण त्यासाठी तिच्याशी बोलावं लागलं असतं. एव्हर्ट होडीतून थेट आला होता, ऊन लागून चांगला तांबूस झालेला.

पहिलं गाणं झालं, दारूचे छोटे पेले रिकामे झाले, आणि मायलिस उभी राहिली.

"गुनेलचे व्हिडिओ कोणी उचलले ते मी सांगते," ती म्हणाली. चोखण्याचे आवाज थांबले. "उचलणाऱ्याला पैसे नको होते, कारण तो काही विकत नाही. त्याला सर्च इंजिनमधलं काही कळत नाही. पानावर दुसरं काही घालता येत नव्हतं, म्हणून त्याने काही घातलं नाही, आणि तेच नेमकं त्या यंत्राला आवडलं. तो डब्यातल्या पुट्टीवर रुसलेला आहे. आणि हे सगळं त्याने कॉफीच्या सुट्टीसकट एका घोळक्यासाठी तयार केलंय. एकत्र बसायचं, एक व्हिडिओ बघायचा, कॉफी प्यायची, मग दुसरा. आपल्या गावात असं कोण करतं?"

"अभ्यासमंडळ," कोणीतरी म्हणालं.

"शरद ऋतूत याच घरात भरणारं, एव्हर्ट ज्यात खिडक्यांचं काम शिकवतो ते. आणि अभ्यासमंडळाचं काही करायचं तर वार्षिक सभेची मंजुरी लागते. एव्हर्ट, तू मंजुरी घेतली होतीस ना?"

एव्हर्टने झिंग्याची नांगी खाली ठेवली. "घेतली तर. अध्यक्षांनी वाचून दाखवलं. एव्हर्टचे खिडक्यांचे व्हिडिओ इंटरनेटवर टाकावेत, सभा मान्य करते का? सगळे हो म्हणाले. मी लायब्ररीत जाऊन शिकलो. तिथल्या पोरीने पडद्यावरचे मजकुराचे खोके भरायला शिकवलं, पण मला एकच खोका जमला, त्यात कॉफी लिहिलं." त्याने आजूबाजूला पाहिलं. "चुकलं का माझं काही?"

अध्यक्षांनी आपली टोपी सरळ केली.

"म्हणजे हो म्हणणाऱ्या सगळ्यांनी मिळून ते व्हिडिओ उचलले," मायलिस म्हणाली. "मीही हो म्हटलं. माझं लक्ष बदामाच्या बिस्किटांकडे होतं. गुनेल, तू माझ्या शेजारी बसली होतीस, आणि तुझा आवाज माझ्यापेक्षा मोठा होता."

गुनेलचं तोंड उघडं राहिलं. तिने आठवायचा प्रयत्न केला. तिला फक्त हातोडा आठवला.

"आणि डब्यातल्या पुट्टीचा व्हिडिओ का नाही टाकलास रे?" तिने एव्हर्टला विचारलं, कारण दुसरं काही सुचलं नाही.

"माझ्या घरी मी कधी डब्यातली वापरली का? तू लिहून दिलंस, मी वाचलं. पण अभ्यासमंडळात मी खोटं शिकवणार नाही."

टेबलभर हसू फुटलं. मायलिस मात्र बसली नाही.

"एक राहिलं," ती म्हणाली. "त्या मे महिन्याच्या सभेला या टेबलावरची सगळी माणसं होती. एक सोडून. योन्ना तेव्हा गावात आलेलीच नव्हती. चोरीत जिचा काडीचाही हात नव्हता अशी इथे ती एकटीच आहे. आणि तिच्यावरच आळ आला."

आता कोणी हसलं नाही. सगळ्यांच्या माना टेबलाच्या शेवटाकडे वळल्या आणि योन्ना आपल्या ताटलीकडे बघत राहिली. तिचे कान लाल झाले होते.

गुनेलने कागदी टोपी काढली आणि लाळेरंही काढलं. मग ती उठून टेबलाच्या कडेने चालत योन्नापर्यंत गेली. अर्धं अंगण पार करायला तिला बराच वेळ लागला.

"माझं चुकलं," ती म्हणाली.

योन्नाने मान वर केली. "चित्रं गेली, व्हिडिओ गेले, त्यासाठी तू रागावली असतीस तर मला काही वाटलं नसतं. तू मला 'का' म्हणून विचारलंसुद्धा नाहीस. ते लागलं. आठवडाभर मी स्वतःलाच विचारतेय, मी चोरासारखी दिसते का म्हणून."

"आता विचारते. डिस्क घरी का नेलीस?"

योन्नाने फोन काढून गुनेलच्या हातात दिला. तिने प्रत्येक व्हिडिओचं एक वेगळं पान करून ठेवलं होतं. वर एव्हर्ट, पान उघडताच तोच समोर. इतिहास, छटा, किमती, सगळं त्याच्या खाली. पानं लोकांसाठी उघडली नव्हती. मालकिणीला विचारल्याशिवाय कशी उघडायची?

"तू आलीस की दाखवणार होते. तू आलीस ती कपाटाचंच विचारत आलीस."

गुनेल एकेक पान बघत गेली. तिचे डोळे भरून आले, आणि ते कोणाला दिसू नयेत म्हणून ती फोन फारच जवळ धरून बघायला लागली.

"अकॉर्डियन काढलंस," ती शेवटी म्हणाली.

"काढलं."

"देव पावला," एव्हर्ट पलीकडून म्हणाला.

"एव्हर्टचं ते 'खिडकीमित्र' तसंच राहू दे," गुनेल नाक ओढत म्हणाली. "त्याच्याखाली आपल्या दुकानाचं नाव घालायला तो हो म्हणाला तर बरं, नाही म्हणाला तरी चालेल. आणि तू सोमवारी ये. बदली म्हणून नाही. कायमची ये, योन्ना. येशील का?"

योन्नाने 'येईन' म्हटलं ते इतक्या हळू, की गुनेलला खाली वाकावं लागलं. मग ती उठली आणि भराभर तळ्याच्या धक्क्याकडे चालत गेली.

मायलिसने दोन मिनिटं जाऊ दिली आणि एक कागदी रुमाल घेऊन तिच्यामागे गेली. योन्ना धक्क्याच्या फळ्यांवर पाय सोडून बसली होती आणि खुशाल रडत होती. मायलिस तिच्या शेजारी बसली. गुडघे कुरकुरले, पण तिने त्यांचं ऐकलं नाही.

"इथूनही जावं लागणार असं धरूनच चालले होते मी," योन्ना म्हणाली. "सामानसुद्धा बांधायला काढलं होतं."

"मग उद्या त्या गाठी सोडायला मी येते."

योन्नाने रुमालात नाक शिंकरलं आणि हसली. मायलिसला फार बरं वाटलं. सगळी नोकरी तिने लोकांना हेच सांगण्यात घालवली होती, की तुमचं गेलेलं परत मिळणार नाही, फार तर त्याची भरपाई मिळेल. गेलेली वस्तू खरोखर परत देता आल्याचं तिला एकदाही आठवत नव्हतं. आज एका बाईचं गाव तिला परत मिळालं होतं, आणि ते देण्यात आपला थोडा हात होता, या विचाराने ती म्हातारी अगदी मनापासून सुखावली. वर अंगणात पुढचं गाणं सुरू झालं, तशा दोघी एकमेकींना हात देत उठल्या आणि झिंगे संपायच्या आत परत गेल्या.